आधी भाकीत, मग गच्ची



स्मृतिव्याख्यानासाठी संगणकावर फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्रॅमचा विषय घ्यावा, हे काहींना थोडे पोरकट वाटेल. पण आजचा विषय संगणक नाही, आकाश शिकणे हा आहे. ही विद्या आपल्याकडे जवळजवळ विसरली गेली आहे. चंद्र आज रोहिणीत आहे हे दिनदर्शिकेवर वाचणारी घरे लाखो असतील, पण गच्चीवर जाऊन रोहिणीकडे बोट दाखवणारा माणूस त्यातल्या एखाद्याच घरात सापडेल. अशा काळात स्टेलॅरियमसारखी मोफत तारांगणे घरोघरच्या संगणकांवर आली. त्यांचे स्वागत दोन टोकांनी झाले. आता आकाश हातात आले, असे काहींना वाटले. पडद्याने आकाश गिळले, असे इतरांनी म्हटले. माझ्या मते दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. दोघेही या प्रोग्रॅमला आकाशाचे चित्र समजतात. तो आकाशाविषयीचे भाकीत आहे. चित्र म्हणून पाहिला तर तो काही शिकवत नाही, भाकीत म्हणून तपासला तर त्याच्याइतका चांगला आणि स्वस्त शिक्षक मिळणार नाही. एवढेच मला आज मांडायचे आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. फाबियाँ शेरो या फ्रेंच प्रोग्रॅमरने 2000 साली स्टेलॅरियमचे काम सुरू केले. पुढे अनेक देशांतल्या स्वयंसेवकांचे हात त्याला लागले आणि 1 ऑक्टोबर 2022 रोजी त्याची 1.0 ही आवृत्ती आली. एखादा प्रोग्रॅम बाविसाव्या वर्षी ‘एक’ होतो याचे हसू येईल, पण त्यामागे घाई न करण्याचा एक स्वभाव आहे. केस्टार्स, कार्त द्यू सिएल, अंतराळात उड्डाण घडवणारे सेलेस्टिया हे त्याच कुळातले इतर प्रोग्रॅम. स्टेलॅरियम मुळातच सुमारे सहा लाख तारे घेऊन येते आणि आणखी कोट्यवधी ताऱ्यांच्या याद्या त्याला जोडता येतात. यातला एकही तारा पडद्यावर रंगवून ठेवलेला नसतो. तुम्ही ठिकाण आणि वेळ सांगता. मग प्रोग्रॅम ताऱ्याचे मोजलेले स्थान घेतो, त्यात पृथ्वीच्या अक्षाची परांचन गती आणि ताऱ्याची स्वतःची गती मिळवतो, तुमच्या क्षितिजावर ते बसवतो, वातावरणामुळे होणारे वक्रीभवन जमेस धरतो आणि मग ठिपका काढतो. ग्रहांसाठी पॅरिसच्या ब्रेताञ्याँ आणि फ्राँकू यांनी 1987 साली मांडलेली व्हीएसओपी 87 ही सूत्रमाला वापरली जाते. म्हणजे पडद्यावरचा प्रत्येक ठिपका हे एक विधान आहे: अमुक वेळी, अमुक दिशेला, इतक्या उंचीवर हा तारा तुम्हाला दिसेल. विधान म्हटले की खरे-खोटे आले, आणि ते करायला खर्च लागत नाही. गच्चीवर जायचे आणि वर पाहायचे.

मराठी माणसाला हा व्यवहार परका वाटायचे कारण नाही. पंचांग हेही भाकीतच असते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी शके 1442 मध्ये, म्हणजे इसवी सन 1520 च्या सुमारास, ‘ग्रहलाघव’ लिहिले. ज्या-कोटिज्यांची दगदग काढून टाकून ग्रहगणित सोपे करणारा हा ग्रंथ शेकडो वर्षे पंचांगकर्त्यांच्या हाताखाली राहिला. पण त्या सोपेपणामागे गणेशांचे वडील केशव यांची वेधांची मेहनत होती. जुन्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशात तिथे दिसत नाहीत हे केशवांनी पाहून नोंदवले होते. एकोणिसाव्या शतकात हीच कथा पुन्हा घडली. या वेळी मागे पडला होता तो ग्रहलाघवच. केरो लक्ष्मण छत्रे यांनी नव्या युरोपीय गणितावरून ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ 1860 साली मराठीत आणला आणि 1865 पासून त्यांच्या गणिताचे, पुढे पटवर्धनी म्हणून ओळखले गेलेले पंचांग निघू लागले. त्यावरून पंचांगाचा जो वाद पेटला त्याच्या तपशिलात आज जायला नको. त्या वादातली एक कसोटी मात्र दोन्ही बाजूंच्या तोंडी होती: दृक्प्रत्यय, म्हणजे गणिताने सांगितले तसे डोळ्यांना दिसते का? स्टेलॅरियमचा विद्यार्थी हीच कसोटी लावतो. फरक इतकाच, की केरोपंतांना जे आकडे काढायला रात्री जागवाव्या लागल्या ते आज डोळ्याची पापणी लवते तोवर मिळतात. म्हणून गणिताचे श्रम वाचले. पाहण्याचे श्रम आहेत तेवढेच आहेत, आणि ते वाचवायचा प्रयत्न केला की शिकणे थांबते.

नुसती चित्रे पाहून आकाश कळत नाही याचा एक बोलका पुरावा अमेरिकेतला आहे. 1987 साली ‘अ प्रायव्हेट युनिव्हर्स’ नावाचा माहितीपट तयार झाला. हार्वर्डच्या पदवीदान समारंभाला आलेले विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा तेवीस जणांना त्यात विचारले होते, की ऋतू का होतात किंवा चंद्राच्या कला का दिसतात. तेवीसपैकी एकवीस जणांची उत्तरे चुकली. बहुतेकांची समजूत अशी, की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते. ही समजूत अडाणीपणातून आलेली नाही. पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत पृथ्वीची कक्षा तिरक्या कोनातून लांबट काढलेली असते, आणि ती आकृती मनात पक्की बसते. आता हाच प्रश्न संगणकावर कसा सोडवता येतो ते पाहा. पुण्याचे ठिकाण घाला आणि सूर्यावर टिचकी द्या, त्याचे अंतर आकड्यात येते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते सर्वांत कमी, सुमारे 0.983 खगोलीय एकक. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त, सुमारे 1.017. आपण थंडीत सूर्याच्या जवळ असतो! मग 21 जूनची दुपार लावा. सूर्य बरोबर डोक्यावर नसतो. तो माथ्याच्या उत्तरेला जवळजवळ पाच अंश सरकलेला असतो, कारण पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश आहे आणि त्या दिवशी सूर्य साडेतेवीस अंशांच्या जवळ उत्तरेला असतो. तो माथ्यावर येतो मेच्या मध्यास आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. यापैकी मेचा दिवस ढगांविना मिळतो. पत्र्याचा डबा उन्हात उभा ठेवला की त्याची सावली नाहीशी होते, आणि ती दुपारी बाराला नाही, साडेबारा वाजून गेल्यावर. आपले घड्याळ 82.5 अंश रेखांशावर लावलेले आहे आणि पुणे त्याच्या बऱ्याच पश्चिमेला आहे, हेही त्या डब्याने सांगितले. हार्वर्डच्या त्या प्राध्यापकांना असा एक डबा पुरला असता.

भाकीत म्हणून वापरायचे म्हणजे नेमके काय करायचे? स्टेलॅरियम पहिल्यांदा उघडले की तुमच्यासमोर फ्रान्समधल्या गेरँ गावाचे हिरवे कुरण येते. मुंबईच्या माणसाला तिथे उभे राहून काही मिळायचे नाही. म्हणून पहिले काम एफ 6 दाबून आपले गाव घालणे. दुसरे काम महिनाभर फक्त दोन ताऱ्यांचा पाठपुरावा करणे. माझी शिफारस ध्रुव आणि अगस्त्य या जोडीची आहे. ध्रुवाची उंची तुमच्या अक्षांशाएवढी असते हे सगळ्यांनी शाळेत वाचलेले असते. पण पुण्याहून अगस्त्य दक्षिणेला सर्वांत वर आला की किती वर असतो? त्याची क्रांती, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनचे अंतर, दक्षिण 52.7 अंश आहे, त्यामुळे उत्तर येते 18.8 अंश. म्हणजे पुण्यात उत्तरेचा ध्रुव आणि दक्षिणेचा अगस्त्य जवळजवळ सारख्याच उंचीवर असतात. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात रात्री नऊच्या सुमारास हे पडताळता येते. हात लांब केला की मूठ सुमारे दहा अंश झाकते, तेव्हा दोन्हीकडे क्षितिजापासून दोन मुठींना किंचित कमी. पणजीला गेलात तर ध्रुव तीन अंश खाली येतो आणि अगस्त्य तेवढाच वर जातो. नागपूरला याच्या उलट. लंडनला राहणाऱ्या मराठी मुलाला अगस्त्य कधीच दिसत नाही आणि वृश्चिकाची नांगीही त्याच्या क्षितिजाला जेमतेम चाटून जाते. आईवडिलांनी सांगितलेले आकाश तिथे का सापडत नाही, याचे उत्तर त्याला ठिकाण बदलून एका मिनिटात मिळते. मे महिन्यात रात्री नऊ-दहाच्या सुमारास पुण्याच्या दक्षिण क्षितिजावर त्रिशंकू शोधा. त्याचा तळचा तारा आठ अंशांवर, म्हणजे मुठीपेक्षाही खाली असतो. क्षितिजावर डोंगर असेल तर तो दिसायचा नाही, आणि प्रोग्रॅमला तुमचा डोंगर माहीत नाही.

या सगळ्यात क्रम महत्त्वाचा आहे. आधी पडद्यावर पाहायचे, मग सी आणि व्ही ही बटणे दाबून राशींच्या रेषा आणि नावे पुसून टाकायची, उरलेल्या उघड्या ठिपक्यांकडे पाहून आठ वाजता काय कुठे असेल ते कागदावर मांडायचे आणि तो कागद घेऊन बाहेर जायचे. रेषा पुसणे हे खरे परीक्षेचे काम आहे. आकाशात रेषा नसतात. ज्याने रेषांसकट सिंह पाठ केला त्याला बाहेर सिंह सापडत नाही, आणि ज्याने मघेच्या कोयत्याचा आकार ठिपक्यांतून ओळखला त्याला तो अर्धवट ढगांतही सापडतो. चुकलात तर उत्तम. एक तारा अपेक्षेपेक्षा खूप उजळ दिसला, तो तारा नसून ग्रह निघाला. अमुक तारा उगवायला हवा होता, तो अर्ध्या तासाने उगवला, कारण पूर्वेला टेकडी आहे. अशा चुका मनात खोल राहतात. बरोबर आलेले उत्तर आपण विसरतो.

इथे पहिला आक्षेप येतो. हे सगळे मोबाइलवरही होते. फोन आकाशाकडे धरला की नाव येते, मग डेस्कटॉपची एवढी खटपट कशाला? मोबाइल हे तत्काळ उत्तर देणारे साधन आहे आणि त्याचा उपयोगही आहे; वाटेत चमकणारे काही दिसले तर नाव कळावे. पण गणिताच्या पुस्तकात शेवटची उत्तरे आधी उघडून बसणाऱ्या मुलासारखी त्याच्या वापरकर्त्याची गत होते. सगळी उत्तरे माहीत, उदाहरण एकही सुटत नाही. डेस्कटॉपची गैरसोय इथे त्याचा गुण ठरते. तो गच्चीवर नेता येत नाही, म्हणून तुम्हाला आकाश डोक्यात घेऊन जावे लागते. शिवाय अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि फोनचा एक पांढरा झोत ती कमाई घालवतो. लाल प्रकाशाची सोय असली तरी नजर पडद्यावर राहते ती राहतेच. काचेवर बोट सरकवून वेळ बदलता येतो, हे खरे. पण तारे रोज 3 मिनिटे 56 सेकंद आधी उगवतात, म्हणजे महिन्याला दोन तास, हे मोठ्या पडद्यावर एका महिन्याची रात्र धावत दाखवून जसे ठसते तसे हातातल्या छोट्या काचेवर ठसत नाही. शुक्राचे तर पाहायलाच हवे: आजच्या तारखेत आठ वर्षे मिळवा आणि दोन दिवस वजा करा, शुक्र जवळजवळ त्याच ठिकाणी परत आलेला दिसेल. हा शोध तुम्ही स्वतः लावता, कारण तारीख तुम्ही बदलता.

दुसरा आक्षेप अधिक दुखरा आहे. शहरात आकाशच उरलेले नाही, मग भाकीत तपासायचे कशाशी? अंधारात डोळ्यांना दिसू शकणारे तारे साडेसहा प्रतीपर्यंत धरले तर सगळ्या आकाशगोलावर मिळून नऊ हजारांच्या आसपास भरतात. तिसऱ्या प्रतीपर्यंतच दिसणाऱ्या शहरी आकाशात ते दोनशेच्याही खाली येतात, आणि त्यातले निम्मे एका वेळी क्षितिजाखाली. नुकसान मोठे आहे, ते कमी करून सांगण्यात अर्थ नाही. पण एक विचित्र गोष्ट अशी, की नवशिक्याला कमी तारे सोयीचे पडतात. काळ्याभोर आकाशात ताऱ्यांची एवढी गर्दी असते, की मृगाचे तीन तारेदेखील त्यात हरवतात. शहराच्या गच्चीवरून मृग, व्याध, रोहिणी, प्रश्वा, पुनर्वसू, मघा, चित्रा, स्वाती, ज्येष्ठा, अभिजित हे सगळे दिसतात, ग्रह आणि चंद्रही दिसतात. पाया घालायला एवढे पुरते. अट एकच. पडद्यावरचे आकाश आपल्या आकाशाइतके गढूळ केलेले असावे. जॉन बॉर्टल यांनी 2001 साली मांडलेली एक ते नऊ अशी अंधाराची मोजपट्टी स्टेलॅरियमला कळते. मुंबईच्या उपनगरातल्या माणसाने ती आठ-नऊवर नेली नाही, तर प्रोग्रॅम त्याला असे आकाश दाखवत राहील जे त्याला दिसणार नाही, आणि त्याचा विश्वास उडेल. शहराच्या प्रकाशावर हा उपाय नाही, हे उघड आहे. तो झगडा वेगळा आहे आणि तो लढलाच पाहिजे.

महाराष्ट्रात आकाशाचा आणखी एक चोर आहे, तो म्हणजे पावसाळा. याच्याविषयी आपण फार बोलत नाही. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकण-घाटावर निरभ्र रात्र मिळणे भाग्याचे. आणि आकाशगंगेचा सर्वांत भरीव भाग, वृश्चिक आणि धनू, संध्याकाळी नेमका याच महिन्यांत माथ्याच्या दक्षिणेला येतो. त्यामुळे मराठी आकाशप्रेमीचे ज्ञान लंगडे असते: मृग-वृषभ तोंडपाठ, धनूची किटली अनोळखी. प्रोग्रॅम ढग काढून टाकतो म्हणून एवढेच होते, की हा भाग कधी पाहता येईल ते कळते. तेच वृश्चिक-धनू एप्रिल-मेच्या पहाटे कोरड्या आकाशात उभे असतात. जुन्या पंचांगांत अगस्त्योदयाची तारीख छापतात; पुण्याच्या अक्षांशावर अगस्त्य ऑगस्टच्या मध्यास सूर्योदयाच्या तासभर आधी क्षितिजावर येऊ लागतो. ढगांमुळे तो कुणी पाहत नाही, पण तारीख बरोबर की चूक हे पडद्यावर तपासता येते. यातून पंचांगावरचा विश्वास वाढेल की कमी होईल हे मी सांगत नाही. तुम्ही तपासलेत, एवढे पुरे.

तिसरा आक्षेप विचारवंत मंडळींचा. पंचांगकर्त्यावर आंधळा विश्वास नको म्हणून तुम्ही प्रोग्रॅमवर आंधळा विश्वास ठेवायला सांगता. फरक काय? फरक दोन आहेत. एक, हे सॉफ्टवेअर मुक्त आहे. त्याचे सगळे सूत्रलेखन खुले आहे आणि जाणणारा माणूस ते उघडून कुठले गणित कुठे वापरले हे पाहू शकतो, चूक सापडली तर दुरुस्तीही पाठवू शकतो. पंचांगकर्त्याची कोष्टके बहुतेकदा घराण्याबाहेर जात नसत. केरोपंतांनी आपली कोष्टके छापून मराठीत सर्वांपुढे ठेवली, हे त्यांचे मोठेपण आणि मुक्त सॉफ्टवेअरचे मोठेपण एकाच जातीचे आहे. दोन, प्रोग्रॅमच्या मर्यादा आकड्यांत ठाऊक आहेत. व्हीएसओपी 87 बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ यांच्यासाठी 2000 सालच्या मागे-पुढे चार हजार वर्षे उत्तम चालते, गुरू-शनीसाठी दोन हजार. त्याहून लांब जायचे तर अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीच्या मोठ्या सारण्या बसवाव्या लागतात. पृथ्वीचे फिरणे काळाबरोबर मंदावत आहे, त्यामुळे पाच हजार वर्षांपूर्वीची घटना दिवसाच्या कुठल्या प्रहरी झाली हे सांगताना जी दुरुस्ती करावी लागते ती वीस तासांच्या घरात जाते आणि तिच्यात अनिश्चितता मोठी. म्हणजे महाभारतकालीन ग्रहण कुरुक्षेत्रावरून दिसले की अरबी समुद्रावरून, हे ठामपणे सांगणारा माणूस प्रोग्रॅमच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. याच संदर्भात दोन साधे सापळेही सांगायला हवेत. खगोलशास्त्रात शून्य साल असते, म्हणून इसवी सनपूर्व 3000 साठी उणे 2999 लिहायचे. आणि मकर संक्रांतीला 14 जानेवारीला सूर्य पडद्यावर धनूत दिसेल. त्याने गोंधळू नका. ती आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेने आखलेली राशींची सीमा आहे, निरयन पंचांगाची नव्हे, आणि उत्तरायण तर 21-22 डिसेंबरलाच सुरू झालेले असते. एका दिवसात तीन भिन्न हिशेब समोर येतात, आणि ते वेगळे ठेवायला शिकणे हाही आकाश शिकण्याचाच भाग आहे.

माझ्या मुद्द्याची सर्वांत चांगली परीक्षा शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या एका अनुमानावर घेता येते. कोकणात मुरुडला जन्मलेल्या, जेमतेम पंचेचाळीस वर्षे जगलेल्या या शिक्षकाने 1896 मध्ये ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ मराठीला दिला. शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांविषयी असे म्हटले आहे, की त्या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. दीक्षितांनी विचारले, कृत्तिका बरोबर पूर्वेला केव्हा उगवत होत्या? उत्तर आले इसवी सनपूर्व 3000 च्या सुमारास. आता हे अनुमान कुणीही घरी तपासू शकतो. कुरुक्षेत्राचे ठिकाण, उणे 2999 साल, कृत्तिकांतला सर्वांत तेजस्वी तारा, आणि तो क्षितिजावर कुठे उगवतो ते पाहा. तो पूर्वेलाच उगवतो, जवळजवळ बिनचूक. आज पुण्यातून तोच पूर्वेच्या सुमारे 25 अंश उत्तरेला उगवतो. दीक्षितांचे गणित पक्के होते. पण तिथे थांबू नका. साल हजार वर्षे पुढे न्या. कृत्तिका पूर्वेच्या साडेसहा अंश उत्तरेला सरकलेल्या दिसतील, अर्ध्या मुठीच्या थोड्या वर. याचा अर्थ असा, की प्राचीन निरीक्षकाकडून दिशा दोन अंशांनी चुकली असेल तर अनुमान तीनशे वर्षांनी सरकते. आणि क्षितिजावरच्या धुळीत दोन अंश म्हणजे फार नाहीत. त्याच पडद्यावर विषुववृत्ताजवळचे आणखी तारेही त्या काळी पूर्वेला उगवताना दिसतात. मग ग्रंथकाराने फक्त कृत्तिकांचेच नाव का घेतले? हे वाक्य त्या काळी पाहून लिहिले की पूर्वजांकडून आलेली स्मृती आहे? याची उत्तरे गणित देत नाही, ती भाषाशास्त्र आणि इतिहास यांची आहेत. प्रोग्रॅमने दीक्षितांना खरेही ठरवले नाही आणि खोटेही नाही. त्यांच्या युक्तिवादातला गणिताचा सांधा घट्ट आहे आणि वाचनाचा सांधा ढिला आहे, हे मात्र त्याने कुणाच्याही मदतीशिवाय स्पष्ट केले.

ही शिस्त नसली तर काय होते याचे उदाहरणही ताजे आहे. तारांगणाचे प्रोग्रॅम वापरून महाभारत युद्धाची तारीख काढणारे अनेक अभ्यासक पुढे आले. कुणी इसवी सनपूर्व 3067 सांगतो, कुणी 5561. दोघांच्या हातात आकाश तेच, सूत्रे जवळजवळ तीच, आणि फरक अडीच हजार वर्षांचा. यात प्रोग्रॅमचा दोष नाही. ग्रंथातले कोणते उल्लेख घ्यायचे, कोणते काव्य म्हणून सोडायचे, ‘वक्री’ किंवा ‘पीडित’ असे शब्द पडद्यावरच्या कोणत्या स्थितीला लावायचे, हे माणसाने आधी ठरवले आणि मग प्रोग्रॅमने त्याच्या ठरवण्याला तारीख दिली. चुकू शकेल असे भाकीत आधी मांडले नसेल तर तपासणीला अर्थ राहत नाही. गच्चीवरच्या विद्यार्थ्याला कागदावर आधी लिहायला सांगतो ते याचसाठी.

एक शेवटचा आक्षेप उरतो, आणि तो मला अर्धा मान्य आहे. आकाश माणसाकडून शिकायचे असते. बोटाने दाखवणारा, चंद्र उगवायच्या आत घाई करणारा, चुकले तर हसणारा गुरू प्रोग्रॅममध्ये कुठून येणार? पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था 1944 पासून हे काम करते आहे. मुंबईचे खगोल मंडळ 1985 पासून, आणि वांगणीला त्यांच्या रात्रभराच्या कार्यक्रमांत हजारो लोकांनी आकाश पहिल्यांदा पाहिले. अशा एका रात्रीची जागा कुठलाही पडदा घेऊ शकत नाही. पण एका रात्री एकच आकाश दिसते. वांगणीहून परतलेल्या मुलाला पंधरा दिवसांनी चंद्र कुठे, महिन्याने मृग कुठे, हे विचारायला कोणी उरत नाही, आणि म्हणूनच पहिल्या रात्रीचे शिकणे विरून जाते. सराव करून घ्यायला प्रोग्रॅम आहे. शाळांनी, वाचनालयांनी आपल्या जुन्या संगणकांवर तो घालावा. जुने यंत्र असेल तर त्याची जुनी आवृत्ती चालते, आणि परवान्याचा खर्च नाही. विज्ञान शिक्षकाने दर आठवड्याला एक प्रश्न फळ्यावर लिहावा आणि उत्तर गच्चीवरून आणायला सांगावे.

तशी संधी लवकरच येत आहे. मंगळ 19 फेब्रुवारी 2027 रोजी प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या विरुद्ध बाजूला, येईल. मघेच्या जवळ, रात्रभर आकाशात, तांबडा आणि ठळक. गुरूही त्याच परिसरात त्याच महिन्यात प्रतियुतीत असेल आणि मंगळापेक्षा तेजस्वी दिसेल. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चअखेरपर्यंत मंगळ ताऱ्यांमधून उलटा सरकेल. डिसेंबर 2026 मध्ये मघा आणि सिंहेतले तीन-चार ठळक तारे एका वहीत काढून घ्या. प्रोग्रॅम न उघडता मंगळ कुठे वळेल याचा अंदाज त्यावर पेन्सिलीने मारा. मग दर चार दिवसांनी वर पाहून मंगळाचा ठिपका वहीत टाका. प्रोग्रॅम एप्रिलमध्ये उघडा.